कोर्टाच्या साइटवर वाचलेलं नाव

घरचं कधी इथे लिहीत नाही, आज लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी गावाकडे दादाने दारू पिऊन गाडी चालवली आणि रस्त्याने चालणारा एक माणूस गेला. केस तिथल्या तालुका कोर्टात आहे.

आज वकील फोन उचलेनात, म्हणून आई म्हणाली, "पुढची तारीख मोबाइलवर बघ."

साइटवर दादाचं नाव टाकलं. तारीख मिळाली. खाली जामिनाचा आदेश होता, तोही उघडला. त्यात त्या माणसाचं नाव होतं. घरात आम्ही त्याला 'तो माणूस'च म्हणायचो.

मी नाव वाचून दाखवलं.

"त्याच्या घरी कोण आहे, लिहिलंय?" आईने विचारलं.

"नाही."

"आपण कधी विचारलंच नाही गं."

आता जाऊन विचारावं का? तुम्ही गेला असता?