बंबाखालची पिशवी

समोरच्या शांताकाकूंनी आज सकाळी माझ्या बंबाखालची दुधाची पेटती प्लॅस्टिकची पिशवी चिमट्यानं ओढली आणि बादलीत बुडवली. डोक्याला रुमाल बांधलेला. औषधांनी गेलेले केस अजून पुरते आलेले नाहीत.

"काकू, एका पिशवीनं काय होतंय?" मी ओशाळून म्हणालो.

"मला कॅन्सर कशानं झाला, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण हा धूर माझ्या दारात आता येणार नाही, एवढं मी सांगते."

आमच्या गल्लीत बंब असाच पेटतो. खाली पिशवी नाहीतर तुटक्या चपलेचा तुकडा, वर लाकडं. जाळ पटकन धरतो. वडील तसंच पेटवायचे, मीही. तो काळा धूर मला आंघोळीचाच वास वाटत आला. गावाबाहेरच्या कारखान्याची चिमणीही धूर ओकते, ती माझ्या हातात नाही, हे खरं. पण काडी तर माझ्याच हातात होती! नशिबाला शिव्या द्यायच्या आणि रोज सकाळी आपणच त्याला पिशव्या पुरवायच्या, हा कुठला शहाणपणा? लाकडाचा धूरही काही चांगला नाही. त्याचंही बघेन. आजपासून पिशवी मात्र बंद.

काकूंनी पदरातल्या सुक्या करवंट्या माझ्यापुढं ओतल्या आणि त्या घरी वळल्या. करवंट्यांनी सावकाश पेट घेतला.

"अहो, पाण्याला अजून किती वेळ?" बायको आतून ओरडली.

मी तोंड उघडायच्या आत पलीकडून काकूंचाच आवाज आला, "लागू दे वेळ!"