फेस्ताच्या सकाळी झाकलेला चेहरा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, कॅथलिक संतांच्या चेहऱ्यात फेरफार करण्याचा कोणताही अधिकार आमच्या घराण्याला कधीही नव्हता, आजही नाही, आणि तो मिळावा असा अर्जही आम्ही कुठे केलेला नाही. जे घडलं ते निव्वळ अतिउत्साहातून घडलं. रत्नागिरीत त्याला साक्षीदार भरपूर आहेत. (त्यांतले काही अजूनही मला बाजारात बघितलं की भाजी निवडायची सोडून हसत बसतात.)

आमचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे परसातली पत्र्याची शेड, पण आप्पा, म्हणजे माझे वडील, तिला कारखानाच म्हणत आणि इतरांनीही म्हणावं असा त्यांचा आग्रह असे. मी तेव्हा बी.कॉम. होऊन नोकरीची वाट बघत होतो. वाट बघता बघता तिशी आली होती, म्हणून आप्पांनी माझ्या हातात ब्रश दिला होता. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं, जगात कॉम्प्युटर आले होते आणि मी उंदरांच्या शेपट्या रंगवत होतो!

आमच्या गल्लीच्या टोकाला चर्च. त्याची सकाळची घंटा झाली की आई कुकर लावायची, संध्याकाळची झाली की तुळशीपाशी दिवा. नाताळात तिकडून नेवऱ्या आणि दोदोलाचं ताट यायचं, गणपतीत इकडून मोदक जायचे. एवढा घरोबा! पण आत कोण कोण बसलंय, कोणाचा चेहरा कसा आहे, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हतं. लहानपणापासून मला त्या दाराआड डोकावायची भयंकर उत्सुकता होती. डोकावायची संधी शेवटी मिळाली ती ल्युसी टीचरमुळे.

ल्युसी टीचर आमच्या शेजारी. गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. (मला सातवीत त्यांनी नापास केलं होतं. इथे सांगायचं कारण नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.) त्यांच्या चर्चमध्ये दर जूनमध्ये संत आंतोनींचं फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव असे, आणि दरवर्षी एकेक कुटुंब ते करी: सजावट, हौस असेल तर मूर्तीला नवा रंग, बँड, मिसा झाल्यावर सगळ्यांना खाणं. मिसा म्हणजे त्यांची मुख्य प्रार्थना. टीचर दरवर्षी फेस्त मागायच्या आणि फेस्त कमिटीचे अध्यक्ष बस्त्यांवकाका दरवर्षी एकच उत्तर द्यायचे, "घरात पुरुषमाणूस नाय. तुला झेपायचा नाय, ल्युसी."

त्या वर्षी मात्र संत आंतोनींच्या लाकडी मूर्तीला वाळवी लागली. खालच्या ओठापासून गळ्यापर्यंत संत जवळपास संपले होते. दुरुस्तीची जबाबदारी कोणीच घेईना. टीचर म्हणाल्या, "मी घेते. फेस्तही मीच घेते."

बस्त्यांवकाकांनी भर अंगणात अट घातली, "घे. पण काय बिघडला, तर यापुढे बायकांना फेस्त नाय. तुला नाय, तुझ्या मागून कोणाला नाय."

टीचर मूर्ती चादरीत गुंडाळून तडक आमच्या शेडमध्ये आल्या. "आप्पा, माझी अब्रू तुमच्या हातात आहे."

"टीचर," आप्पा छाती फुगवून म्हणाले, "आमच्या कारखान्यातून आजवर एक देव नाराज होऊन गेलेला नाही!"

काम सुरू झालं. मी पटाशीने जुना रंग खरवडायला घेतला आणि काय सांगू, रंगाखाली रंग, त्याखाली आणखी रंग! बातमी फुटली तशी चर्चची म्हातारी मंडळी रोज येऊन कच्च्या गणपतींच्या रांगेत स्टुलं टाकून बसू लागली. तपकिरीखाली निळा निघाला, तर एक आजी टाळी वाजवून म्हणाल्या, "हो माझ्या मावशीच्या फेस्ताचा! त्या वर्षी तिचो घोव बोटीवरून परत आयलो." निळ्याखाली हिरवा निघाला, तो मिरकरवाड्याच्या कुणा तांडेलाने होडीचा उरलेला रंग लावला होता म्हणे. हिरव्याखाली सोनेरी, त्यावरून तर दोन घराण्यांत तिथेच भांडण जुंपलं. अख्ख्या चर्चचा इतिहास माझ्या पटाशीच्या टोकाला येत होता! मी हावरटासारखा विचारत होतो, खरवडत होतो. आई चहा देऊन देऊन दमली.

प्रश्न एकच राहिला. हनुवटी कशी होती?

"चांगली होती," एक आजी म्हणाल्या.

"गोल होती." "छे, लांब होती!" "माझ्या बापासारखी होती."

"अहो, पण तुम्ही रोज बघत होता ना?" मी विचारलं.

"बघायला कसं मिळणार रे पुता?" आजी म्हणाल्या. "त्याच्यासमोर गेलं की आम्ही डोळे मिटतो!"

आमच्या धंद्यात अशा वेळी एक सोपी रीत आहे. गिऱ्हाईक कॅलेंडर आणून दाखवतं, 'असा हवा', की आम्ही तसा करतो. टीचर म्हणाल्या, "माझ्या पुढच्या खोलीत भिंतीवर आंतोनींचं चित्र आहे. मी नोवेनाला चाललेय, चावी तुझ्या आईकडे आहे. जा, घेऊन ये." नोवेना म्हणजे फेस्ताच्या आधीचे नऊ दिवस रोज संध्याकाळची प्रार्थना.

मी गेलो. दार ढकललं. समोरच टीव्हीच्या वर चित्र! कडेवर बाळ, हातात पांढरी लिली, अंगात तपकिरी झगा. सगळं मूर्तीबरहुकूम. आणि चेहऱ्यावर भरघोस, सुंदर, कुरळी दाढी. खाली नाव असावं, पण त्यावर प्लॅस्टिकच्या फुलांची माळ होती. मी चित्र काढलं आणि विजयी मुद्रेने घरी आणलं.

आप्पांनी चित्र बघितलं. "वाटलंच मला. मूल कडेवर आहे म्हणजे बाप. बापाला दाढी हवीच!"

"पण आप्पा, हे लोक तर त्यांना साधू म्हणतात," आई म्हणाली.

"मग तर हवीच हवी!"

दाढी हा आप्पांना आयुष्यात कधी न मिळालेला विषय होता. गणपतीला दाढी नाही, गौरीला तर नाहीच. एवढी वर्षं साठलेली हौस उफाळून आली! नुसती रंगवलेली दाढी त्यांना चालेना. त्यांनी नवं लाकूड बसवून साधी हनुवटी घडवली, मग नारळाचा बारीक काथ्या पिंजला, काळ्या रंगात आणि गरम सरसात बुडवला, आणि एकेक बट बोटावर गुंडाळून डकवली. सरस म्हणजे सुताराचा गोंद. जूनच्या दमट हवेत तो वाळेना, तर आईचा केस वाळवायचा ड्रायर कामाला लागला. झग्याला आप्पांनी बारीकसा जरीचा काठही काढला. ("बिनकाठाचं वस्त्र आमच्याकडून जात नाही!")

आता आमच्या कारखान्याचा नियम असा, की चेहऱ्याचं काम दार लावून करायचं आणि डोळे सगळ्यात शेवटी आखायचे. आखले की चेहऱ्यावर कोरा पंचा टाकायचा आणि मूर्ती तिच्या जागी पोचेपर्यंत कोणालाही, अगदी पैसे भरणाऱ्यालाही, तोंड दाखवायचं नाही. टीचर दोनदा बघायला आल्या. आप्पांनी दोन्ही वेळा शेडचं दार लावून घेतलं.

"आप्पा, मला एकदा तरी बघू द्या."

"टीचर, शास्त्र म्हणजे शास्त्र!"

कुठलं शास्त्र, कोणाचं शास्त्र, हे कोणी विचारलं नाही.

फेस्ताच्या सकाळी आम्ही बापलेकांनी मूर्ती पाटावर उचलली. उचलताना आप्पांच्या तोंडून सवयीने निघालं, "गणपती बाप्पा..." आणि सवयीनेच मी ओरडलो, "मोरया!" पण कहर म्हणजे, चर्चच्या फाटकाशी फ्रॉक घालून उभ्या असलेल्या चार आज्यांनीही तितक्याच जोरात "मोरया!" म्हटलं. रत्नागिरीत वाढलेला माणूस! हाक आली की ओ जाणारच.

चर्चच्या मागे फादरांची तयारीची खोली होती. तिथे झाकलेली मूर्ती ठेवून, "वेळ झाल्याशिवाय पंचा काढायचा नाही" असं फादरांना बजावून आप्पा अंघोळीला घरी गेले. मी टीचरांचं चित्र परत लावायला गेलो. खिळ्यावर चित्र अडकवतोय तोच वारा आला आणि मागे दार धाडकन लागलं. मी वळून बघितलं.

दारामागच्या भिंतीवर दुसरं चित्र होतं. कडेवर बाळ, हातात लिली, अंगात तपकिरी झगा. चेहरा तुळतुळीत. तळाला ठसठशीत अक्षरांत, 'संत आंतोनी'.

मी टीव्हीवरच्या चित्राची फुलं बाजूला केली. 'संत जोसेफ'.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

मी धावलो! रंगाने बरबटलेली हाफपँट, पायात चपला नाहीत. मागच्या दाराने खोलीत घुसलो. तरुण फादर पांढरा जरीचा झगा चढवून तयार उभे.

"फादर, वस्तरा आहे?"

"कशाला?"

"दाढी करायचीय."

"आत्ता? कोणाची?"

मी पंचा उचलला. फादरांनी वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "हे जोसेफ आहेत."

"फक्त हनुवटीपुरते, फादर. बाकी सगळे आंतोनीच आहेत."

फादर हुशार निघाले. सरस गरम पाण्याने सुटतो हे मी सांगताच ते झगा सावरत वस्तरा आणि मगभर कढत पाणी घेऊन आले. मी दाढी भिजवू लागलो. बाहेर गाणं संपलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. संतांची डावी बाजू सुटली. उजवीकडे आईचा ड्रायर जास्त लागला असावा, ती हलेना! आणि दारावर थाप पडली.

"फादर!" बस्त्यांवकाकांचा आवाज. "लोक खोळंबलेत! काय चाललाय?"

फादरांना खोटं बोलता येत नव्हतं, हा त्यांच्या धंद्यातला मोठाच दोष. ते म्हणाले, "दाढी चाललीय!"

बाहेरून काका म्हणाले, "आता? सकाळपासून काय करत होता?"

मागच्या दारातून टीचर आत आल्या. ठेवणीतली निळी साडी, केसांत जाईचा गजरा. त्यांनी संतांकडे बघितलं, माझ्या हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं. मी सातवीतल्यासारखा वस्तरा पाठीमागे लपवला.

"टीचर... चित्र चुकलं."

वाटलं, आता रडतील. पण त्या गणिताच्या बाई. त्यांनी चष्मा लावला, वाकल्या आणि म्हणाल्या, "कानाखाली राहिलीय. नीट कर. घाई करू नकोस." आणि पाण्याचा मग स्वतःच धरून उभ्या राहिल्या.

दाढी निघाली खरी, पण काथ्याचा काळा रंग खाली उतरला होता. संत नुकतेच सलूनमधून आल्यासारखी गालांवर निळसर झाक! फादरांनी आपला पावडरचा डबा पुढे केला. मी थापली. घाम पुसला, पंचा टाकला, आणि संत बाहेर निघाले. (चर्चभर उदाच्या जोडीला पावडरचा घमघमाट सुटला.)

मी खोलीच्या दारात उभा राहून बघू लागलो. बस्त्यांवकाका पुढे झाले. जाता जाता त्यांनी फादरांच्या हनुवटीवरून संशयाने नजर फिरवली. मग पंचा दूर केला आणि नाकाला नाक लागेल इतक्या जवळून मूर्ती न्याहाळली. गाणं थांबलं.

"हो आमचो आंतोन नव्हे," ते म्हणाले.

टीचर पहिल्या बाकापाशी ताठ उभ्या होत्या.

"आमचा आंतोन इतका तरणा कुठे होता?" काका म्हणाले.

"तो पहिल्यापासून तेवढाच आहे, बस्त्यांव," टीचर शांतपणे म्हणाल्या. "म्हातारे आपण झालो."

बस्त्यांवकाकांनी पुन्हा मूर्तीकडे बघितलं, मग नकळत स्वतःच्या सुरकुतल्या गालावरून हात फिरवला. मागच्या बाकावरून एक आजी ओरडल्या, "असाच होता! अगदी असाच!" दुसऱ्या म्हणाल्या, "मी काय सांगत होते!" (काय सांगत होत्या?) काकांनी पंच्याची घडी घातली, टीचरांकडे बघून मान लववली आणि म्हणाले, "ल्युसी, मूर्ती झकास झालीय. फादर, चला, सुरू करा."

टीचरांनी डोळ्याला रुमाल लावला. पुढच्या वर्षीचं फेस्त एका विधवा बाईंनी केलं, आणि झेपेल का असं त्यांना कोणी विचारलं नाही.

इथे खरं तर सगळं पार पडलं होतं. पण एका माणसाला यातलं काहीच कळवायचं राहून गेलं होतं. आप्पा! परीटघडीचं धोतर, काळी टोपी, हातात हाराची पुडी, असे ते त्या सकाळी नेमके प्रार्थना सुरू होताना मोठ्या दारातून आत आले. आयुष्यातली पहिलीवहिली दाढी लोक कशी डोळे भरून बघताहेत, हे बघायला आले होते ते. त्यांनी मूर्तीकडे बघितलं. थांबले. टोपी सरळ केली, पुन्हा बघितलं. मग त्यांची नजर शोधत शोधत दारात उभ्या असलेल्या माझ्यावर आली. सरसाने आणि सुटलेल्या काथ्याने बरबटलेल्या हातांनी मी मघाशी घाम पुसला होता, त्याचा परिणाम मला तोवर ठाऊक नव्हता. अख्खं चर्च माझ्याकडे वळलं, आणि आप्पा भर प्रार्थनेत ओरडले,

"अरे मेल्या, देवाची दाढी काढून स्वतःला लावलीस?"