वादळभात

माझी मुलगी आता नववीत आहे. वाढदिवसाला काय करू असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, ‘वादळभात.’ धाकट्यालाही तोच हवा असतो. एका टोपात शिजणारा साधा भात आहे, पण त्याचं नाव घेताना माझी जीभ जरा अडखळते.

वादळ आलं तेव्हा ती चौथीत होती. हरिहरेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. आम्ही दोघंही सरकारी नोकरीत, मी शाळेत, हे पंचायत समितीत. कर्ज काढून घरावर स्लॅब टाकलेला होता. शेजारी काका-काकू राहतात. रक्ताचं नातं काही नाही, पण लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्यांना काका-काकूच म्हणते. त्यांचं घर कौलारू आणि मागे सुपारीची वाडी. काकांच्या वडिलांनी लावलेली. त्याच वाडीवर त्यांचं घर चालायचं.

दुपारी वारा असा घुमत होता की आम्ही चौघं आतल्या खोलीत पलंगाला टेकून बसलो होतो. संध्याकाळच्या सुमारास तो एकदम पडला. दार उघडलं तर अंगणच ओळखू येईना. आडव्या झालेल्या झाडांवरून वाट काढत काका-काकू येताना दिसले. काकूंच्या हातात मोठं पातेलं, वर पदर झाकलेला.

“कौलं गेली गं सगळी,” त्या म्हणाल्या. “पिंपात पाणी शिरलं. वरचा तांदूळ ओला झालाय. आज शिजवला न्हाय तर उद्या आंबंल.”

मी पातेलं हातात घेतलं. दुसरं काय करणार होते?

वीज नव्हती, आणि ती लवकर येणार नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं. गॅस जपून वापरायचा म्हणून एकच मोठा टोप चढवला. कांदा परतला, बटाट्याच्या फोडी टाकल्या, डब्यातली सुकट भाजून धुऊन घातली, घरचा मसाला, दोन-चार आमसुलं. अंगणात नारळ पडलेलेच होते. काकूंनी विळीवर एक खवला, हातानेच पिळून रस काढला आणि त्यांचा तांदूळ त्यात सोडला. अर्ध्या तासात घरभर वास सुटला.

आम्ही सगळे टोपाभोवती बसलो. पोरांनी सकाळपासून धड खाल्लं नव्हतं. ती तुटून पडली. धाकट्याने बोटं चाटली, मुलीने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं. काकू वाढत होत्या. धाकटा म्हणाला, “रोज वादळ आलं तर रोज असा भात?” आणि आम्ही हसलो. काकूही हसल्या. मी तर पोट दुखेपर्यंत हसले. दिवसभराची भीती अशी बाहेर पडली असेल.

काका मात्र ताट घेऊन उंबऱ्यात बसले होते, वाडीकडे तोंड करून. भात तसाच होता. हे त्यांच्याजवळ जाऊन बसले तेव्हा ते एवढंच म्हणाले, “एक बी सुपारी उभी न्हाय राहिली.”

आमचं नुकसान म्हणजे पाण्याची टाकी उडाली आणि खिडकीच्या दोन काचा फुटल्या. आमचा पगार चालूच होता. काकांची वाडी गेली. सुपारी काही भाजी नव्हे, पेरली की महिन्यात हाताशी येणारी. नवी रोपं धरेपर्यंत घर कशावर चालवायचं? पुढच्या वर्षी, वयाची साठी उलटल्यावर, काका पनवेलला एका सोसायटीत वॉचमन म्हणून गेले. काकू इथे एकट्या राहिल्या, रोपांना पाणी घालायला.

आणि आमच्या घरात त्या भाताची आठवण निघत राहिली. “आई, वादळात केला होतास तसा भात कर ना.” मी करायचे. हळूहळू त्याला नावच पडलं. करताना मी काकूंच्या बाजूची खिडकी लावून घ्यायचे. सुकटीचा वास कुठे खिडकीने अडतो!

गेल्या वाढदिवसाला मी भाताचं आधण ठेवत होते, तेवढ्यात मुलगी बाहेरून आली. “मी काकूंना जेवायला बोलावलं. सांगितलं, आज वादळभात आहे.”

मी गॅस बारीक केला. तिला रागवावं तर कशासाठी? तिने प्रेमानेच बोलावलं होतं.

काकू आल्या. इस्त्रीची साडी नेसून, मुलीसाठी खोबऱ्याच्या वड्या घेऊन. शांतपणे जेवल्या, थोडा भात मागूनही घेतला. मी मान वर केली नाही. जेवण झाल्यावर त्या मागच्या पडवीत हात धुवायला गेल्या, तेव्हा मी पाठोपाठ गेले.

“काकू, ते नाव... पोरांनी ठेवलं. मी आधीच थांबवायला हवं होतं. चुकलंच माझं.”

त्यांनी पदराला हात पुसले. “राग न्हाय गं. त्या दिवशी तुझी पोरं पोटभर जेवली, तेवढंच एक बरं झालं होतं. माझा तांदूळ फुकट न्हाय गेला.” मग म्हणाल्या, “फक्त ह्यांच्यासमोर म्हणू नका. त्यांना वाटतं, तो दिवस आठवला की सगळ्या गावाला तेवढंच दुखतं.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या घरी गेल्या.

संध्याकाळी मुलीला जवळ बसवून सगळं सांगितलं. काका पनवेलला का गेले, ते तांदूळ कोणाचे होते. तिला खरंच माहीत नव्हतं. तिच्या लेखी तो दिवस म्हणजे मेणबत्त्या, सगळे एकत्र आणि गरम भात. ऐकता ऐकता तिचे डोळे भरले. “मग मी हसत होते ते वाईट होतं का?” तिने विचारलं.

“नाही गं,” मी म्हणाले. पण माझा आवाज तिला पटण्यासारखा नव्हता.

शिमग्याला काका सुट्टी काढून आले. रोपं डोक्याच्या वर गेलीत. मुलगी दोन दिवस त्यांच्यामागून पाइप ओढत वाडीत फिरत होती. काका तिला कुठलं रोप जोमदार, कुठलं नाही ते दाखवत होते. तिने त्या भाताचा एक शब्द काढला नाही. त्यानंतर घरातही नाही. धाकटा मागतो, तेव्हा मी करते. ती जेवते, चांगला झालाय म्हणते, पण तिसऱ्यांदा ताट पुढे करत नाही.