एकाच पाकिटातल्या गोळ्या

आमचा कुत्रा आणि माझे सासरे एकच गोळी घ्यायचे, आणि सासऱ्यांना त्याचा कोण आनंद! दोघांनाही सांध्यांची सूज, दोघांनाही स्टेरॉइड. कंपन्या वेगळ्या होत्या, पण आतलं औषध तेच, हे त्यांनी पाकिटामागची बारीक अक्षरं भिंगातून वाचून शोधून काढलं होतं. मग वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना ते सांगून झालं, तेही मराठीत. कन्नडमधले त्यांना दोनच शब्द येत, 'साकु' आणि 'बेडा'. पुरे आणि नको. एवढ्या भांडवलावर म्हैसुरात त्यांची बरीच वर्षं निघाली होती.

स्वतःला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला देणं हा आमच्या घराण्यातला जुना रोग आहे. माझ्या लग्नात मांडवातच चुलत सासूबाईंनी माझ्या हातात पित्ताची गोळी ठेवली होती. सासऱ्यांकडे तर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात गोळ्याच गोळ्या. कुणी नुसतं कपाळाला हात लावला तरी ते डबा घेऊन हजर. 'ही घ्या, मला एका दिवसात गुण आला.' मी ओरडायचे, नवरा हसायचा, आणि समोरचा माणूस बिचारा गोळी खिशात टाकून निघून जायचा.

कुत्रा आमच्याकडे आला तो बन्नूरच्या रस्त्यावरून. उसाच्या ट्रॅक्टरपुढे आलेलं पिल्लू नवऱ्याने गाडीत घातलं आणि माझ्या स्वयंपाकघरात आणून सोडलं. मला नको होता. पण सासरे सांगलीहून कायमचे आमच्याकडे आले, तेव्हा या कुत्र्याने त्यांना वाचवलं असं मी आजही म्हणेन. एकट्याने बाहेर पडायला त्यांना लाज वाटायची. कुणी काही विचारलं तर काय बोलायचं? कुत्रा बरोबर असला की लोक त्याच्याशी बोलत आणि सासरे शेजारी उभे राहून मान हलवत. कुक्करहळ्ळी तलावापर्यंत दोघं जायचे. परत आले की कोण भेटलं, कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाची सून परदेशी गेली, सगळं सांगायचे. हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

मग कुत्र्याच्या गोळ्या त्यालाच खायला उठल्या. घटाघटा पाणी प्यायचा आणि घरभर मुतायचा. पोट सुटलं, मांड्या वाळल्या, रक्ताच्या तपासणीत लिव्हर बिघडलेलं निघालं. गोळी चालू ठेवली तर लिव्हर जाणार, बंद केली तर पाय.

आमची जनावरांची डॉक्टरीण मूळची इथलीच. पूर्वी कधीतरी म्हैसूरच्या फौजेत आलेल्या मराठ्यांच्या घरातली. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं, पण सासऱ्यांना बाहेर मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस. तिनेच एका अभ्यासाचं, म्हणजे नव्या उपचाराच्या चाचणीचं सांगितलं. निरोगी कुत्र्याच्या चरबीतून काढलेल्या स्टेम सेल, त्यांच्यात प्रयोगशाळेत एक जास्तीचं जनुक घातलेलं. त्यामुळे त्या पेशी शरीरात गेल्या की सूज उतरवणारं द्रव्य स्वतःच तयार करत राहतात. 'गोळी सगळ्या शरीराला गप्प बसवते ताई,' ती म्हणाली, 'या पेशी सूज आहे तिथेच जाऊन स्वल्प समजूत घालतील का, ते बघायचंय.' पायाच्या शिरेतून थेंबथेंब द्यायच्या, एकदा आता आणि एकदा काही आठवड्यांनी.

पण अटी होत्या. निम्म्या कुत्र्यांना पेशी मिळणार, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय ते तिलाही कळणार नव्हतं. ज्यांच्या वाट्याला सलाईन, त्यांना सगळं संपल्यावर खऱ्या पेशी देणार. आणि तोवर सुजेवरचं दुसरं कुठलंही औषध द्यायचं नाही. दिलं की कुत्रा अभ्यासातून बाहेर. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? सासरे शेजारीच बसले होते, ते म्हणाले, मलाही टोचा एक.

गोळ्या हळूहळू कमी करत बंद झाल्या, पहिली सुई झाली, आणि आम्ही घरात कोंडले गेलो. नवरा सोमवार ते शुक्रवार बंगळूरला. माझं काम घरूनच, लॅपटॉपवर. आमचं घर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, त्यामुळे कुत्र्याला चादरीत घालून मी आणि वॉचमन खाली न्यायचो आणि तसंच वर आणायचो. उरलेला सगळा वेळ तो दारापाशी पडून कण्हायचा. तो आवाज मोठा नव्हता, पण थांबायचा नाही. मीटिंगमध्ये लोक विचारत, कुणी आजारी आहे का? सासरे खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसत आणि माझ्याकडे बघत. नुसतं बघत राहत. कपाटात त्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या. एक दिली असती तर संध्याकाळपर्यंत घर शांत झालं असतं. मला आईकडे जायचं होतं, ते राहिलं. भाजी आणायला गेले तरी धावत परत यायचे. खरं सांगते, मला त्या कुत्र्याचा राग यायचा, सासऱ्यांचा यायचा, बंगळूरला निवांत फिल्टर कॉफी पिणाऱ्या नवऱ्याचा तर फारच यायचा.

आणि मग कुत्रा उठायला लागला. आधी भांड्यापर्यंत, मग गॅलरीपर्यंत, मग एक दिवस स्वतःच्या पायांनी जिना उतरला. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरीण दर सोमवारी फोन करून विचारायची, तो फोन सासरेच उचलायचे आणि रंगवून सांगायचे. मी आतून ऐकायचे आणि मलाही हसू यायचं.

सासरे मात्र उतरत चालले होते. जेवण कमी झालं. उठताना टेबल धरायचे. चक्कर येते म्हणून कुत्र्याला फिरवायला मला पाठवायला लागले. मी म्हटलं, या सगळ्या काळजीनेच झालं असेल, आता कुत्रा बरा झाला, तेही होतील.

एका सकाळी दारापाशी फरशीवर डबकं दिसलं. पुसलं. पाण्याचं भांडं कोरडं पडलं होतं, भरलं. चहा होईतो ते पुन्हा कोरडं. मी हातात फडकं घेऊन तशीच उभी राहिले. हे पाणी पिणं मला चांगलंच माहीत होतं. गोळ्या चालू असताना तो असाच प्यायचा.

कपाटातल्या गोळ्या जागच्या जागी होत्या. मी सासऱ्यांच्या खोलीत गेले. ते पलंगावर बसून गूळ-तूप-पोळीचा लाडू वळत होते आणि कुत्रा समोर शेपूट हलवत बसला होता. त्यांनी मला पाहिलं आणि मूठ मिटली.

'बाबा, तुम्ही तुमची गोळी शेवटची कधी घेतली होती?' मी विचारलं.

कुत्र्याने त्यांच्या मुठीला नाक लावलं. मग ते म्हणाले, 'अगं, मला घेऊन काय करायचीय? मी नुसता बरा होऊन जाणार कुठे? मला नेणारा तो आहे.'

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नसतं, हे त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर सांगितलं होतं. कुत्र्याचं लिव्हर, अभ्यास, सगळ्यावर पाणी. ते मान खाली घालून ऐकत राहिले, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यातून निघायला वाटच दिसेना. सांगितलं तर कुत्रा बाहेर, दुसरी सुई नाही, आणि त्याला सलाईनच मिळालेलं असेल तर खऱ्या पेशीही गेल्या. नाही सांगितलं तर गोळीने उठलेला कुत्रा पेशींनी उठला म्हणून मोजला जाणार. नवरा फोनवर म्हणाला, कुणाला कळतंय, गपचूप कमी करत जा. मीही तसंच ठरवलं होतं. पण सोमवारी फोन आला तो मी उचलला, आणि डॉक्टरीण आनंदाने सांगायला लागली की सगळ्या कुत्र्यांमध्ये तुमचाच सगळ्यात छान चाललाय, तुमच्यासारखी अजून किती घरं वाट बघताहेत. मला पुढचं ऐकवेना. मी सगळं सांगून टाकलं.

मला वाटलं, आता ही ओरडणार.

'ताई, कुत्र्याचं राहू दे,' ती म्हणाली. 'आजोबांना आधी डॉक्टरकडे न्या. ईगले. आत्ताच्या आत्ता.'

सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. रक्तदाब खाली गेला होता. गोळी परत सुरू झाली, आधीपेक्षा जास्त. सूज उतरली, पण तेवढ्या काळात पायांतली ताकद जी गेली ती गेली. घरी आणलं ते खुर्चीत बसवून, वॉचमनने पुढून आणि नवऱ्याने मागून धरून. त्यानंतर जिना त्यांना जमला नाही. कुत्रा अभ्यासातून बाहेर झाला. त्याची गोळी मी डॉक्टरणीच्या सांगण्याप्रमाणे अर्धी, मग पाव अशी कमी करत नेली. रोज सकाळी दोघांच्या गोळ्या आता मीच द्यायचे, आणि सासऱ्यांनी गिळेपर्यंत समोरून हलायचे नाही. बिस्किटांचा डबा मी फेकून दिला.

कुत्र्याची पाव गोळीही संपली. मी रोज उठले की आधी दारापाशी बघायचे, पडून आहे का, कण्हतोय का. तो कण्हला नाही. उठायचा, अंग ताणायचा, पट्टा अडकवलेल्या खिळ्याखाली जाऊन उभा राहायचा. आठवडे गेले तरी तसंच. पाणीही बेताने प्यायला लागला. मी डॉक्टरणीला विचारलं, मग त्याला पेशीच मिळाल्या होत्या ना? ती म्हणाली, मिळाल्या असतील. आजार आपोआपही दबतो कधीकधी. कुणाला काय दिलं ते अभ्यास संपेपर्यंत उघडत नाहीत आणि एका कुत्र्यावरून काही म्हणता येत नाही, अल्वा? हो की नाही?

सासऱ्यांनी हे ऐकलं. जेवताना त्यांनी मला विचारलं, 'म्हणजे माझी गोळी त्याला लागतच नव्हती?'

'कुणास ठाऊक, बाबा,' मी म्हटलं आणि त्यांना आमटी वाढली.

आता त्याला मी फिरवते, म्हणजे फिरवायचा प्रयत्न करते. पहिल्या दिवशी तो जिना धडाधडा उतरला, फाटकापर्यंत गेला आणि मागे वळून उभा राहिला. वर गॅलरीत सासरे कठडा धरून उभे होते. मी पट्टा ओढला, दटावलं, बिस्किट दाखवलं. तो जागचा हलेना. वर बघत राहिला, चारही पायांवर धड उभा. सासरे वरून म्हणाले, 'जा रे, तिच्याबरोबर जा.' त्याने शेपूट हलवली आणि तिथेच बसकण मारली.

सासरे थोडा वेळ आमच्याकडे बघत होते. मग कठड्याला धरत धरत, एकेक पाऊल टाकत ते आत गेले आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. कुत्रा वाट बघत बसला. पडदा काही हलला नाही. तेव्हा तो उठला आणि माझ्याबरोबर निघाला.