कुर्डुवाडीहून आलेली फाइल

पुण्याच्या कंपनीत माझं काम अगदी शेवटचं. सॉफ्टवेअर लिहून झालं, तपासून झालं, की बाहेर सोडायच्या आधी त्याच्या पॅकेजवर मी डिजिटल सही करायची. ही सही म्हणजे शिक्का नव्हे. अख्खी फाइल आणि माझ्याजवळची गुप्त चावी, म्हणजे एक लांबलचक आकडा, यांच्यावरून कॉम्प्युटरनं काढलेली ती एक खूण. फाइलमधला एक स्वल्पविराम जरी कुणी बदलला तरी ती जुळत नाही. चार वर्षं हे केलं आणि सोलापूरला परत आले, घरूनच काम करायला.

आई शिक्षिका. वार्षिक निकालाच्या दिवसांत आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांना जागा नसायची, इतकी निकालपत्रकं. एका रविवारी कंटाळून मी तिला निकाल लावायचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. तिनं तो मैत्रिणींना दिला, मैत्रिणींनी आपापल्या शाळांना. फुकटच होता, त्यामुळे बघता बघता जिल्हाभर पसरला. मग मी त्याचं एक साधं पान इंटरनेटवर टाकलं आणि जुन्या सवयीनं प्रत्येक आवृत्तीसोबत सहीची छोटी फाइलही ठेवू लागले. ती कशी तपासायची तेही लिहिलं. तपासत कुणीच नव्हतं. आईसुद्धा म्हणाली, "अगं, सातवीचा निकाल आहे. रॉकेट सोडायचंय का?"

आणि एक दिवस अकलूजच्या एका शाळेतून फोन आला. तिथल्या क्लार्क ताई बोलत होत्या.

"मॅडम, तुमच्या पानावर लिवलंय, चावी खरी हाय का ते फोनवर इचारून घ्या. म्हणून केलाय. सांगा."

सही तपासायला गुप्त चावीच्या जोडीची एक उघडी चावी असते, ती मी पानावर ठेवली होती. ती माझीच आहे हे पटवायला चाळीस अक्षरांची ओळख जुळवावी लागते. आजवर कुणी ती विचारली नव्हती. मी खुर्चीत सावरून बसले आणि वाचायला लागले.

"थांबा थांबा. बी आन् डी सारखंच ऐकू येतंय."

"बी बटाट्याचा, डी डाळीचा."

"आन् एफ फणसाचा. हां, चला फुडं."

चाळीसच्या चाळीस अक्षरं त्यांनी जुळवली. त्यानंतर प्रत्येक आवृत्तीला त्यांच्याकडून हिरव्या चौकटीचा फोटो यायचा. सही जुळली की तपासायच्या प्रोग्रॅममधली ती चौकट हिरवी होते, नाही जुळली तर लाल.

मागच्या एप्रिलमध्ये फोटोऐवजी फोन आला. "मॅडम, लाल आलंय."

"परत डाउनलोड करा ना, ताई. मध्येच नेट तुटलं असेल."

"शाळंचं नेट लई हळू हाय. मोठी फाइल आमच्या सरांनी कुर्डुवाडीवरनं पेनड्राइव्हवर आणलीया. सहीची बारकी तेवढी मी तुमच्या पानावरनं घेतली."

"मग ती चालवू नका."

"हात बी लावला न्हाय. पण हेडसर म्हणत्यात, बाकी शाळांत चाललीया, तुमालाच काय झालंय?"

किती शाळांमधल्या मुलांचे गुण त्या फाइलच्या हातात असतील! ताईंनी घरी जाऊन मोबाइलच्या नेटवरून ती फाइल मला पाठवली. न चालवता उघडून बघितली. आत निकालाचा हिशेब जसाच्या तसा होता, पण शेजारी एक मराठी फॉन्ट घातलेला आणि पहिल्या पडद्यासाठी कुर्डुवाडीतल्या एका कॉम्प्युटर दुकानाची जाहिरात.

दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी पकडली. वाटेत दुकानदाराला काय काय सुनवायचं त्याची मोहोळपर्यंत दोनदा उजळणी झाली.

दुकान स्टेशनपासून जवळच. पन्नाशीचे गृहस्थ, बोटांना प्रिंटरची शाई. मी कोण ते सांगितल्यावर ते ताडकन उठले. "तुमीच व्हय त्या निकालवाल्या मॅडम? बसा की! चहा घ्या."

"दादा, माझ्या फाइलमध्ये तुम्ही बदल केलाय."

"केलाय की! जुन्या कॉम्प्युटरवर पोरांच्या नावाच्या जागी नुसते चौकोन यायचे. मास्तर लोक हितं यायचे रडत. मी फॉन्ट आतच घालून टाकला." मग जरा ओशाळून म्हणाले, "जाहिरात तेवढी माफ करा."

मोहोळपर्यंत पाठ केलेलं सगळं विसरले. माझा प्रोग्रॅम कित्येक महिने चौकोन दाखवत होता आणि मला पत्ताच नव्हता. हा माणूस तो गुपचूप दुरुस्त करून वाटत होता.

"तुमचं काम चांगलंच आहे," मी म्हणाले. "पण तुमच्याकडून घेऊन तिसऱ्या कुणी आत भलतंच काही घातलं तर? लोक तुमच्या नावावर डोळे मिटून चालवणार."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "म्हंजे नाव माझं जानार."

"तुमचं आणि माझंही."

मग ठरलं. फॉन्ट मी आत घालायचा, सही करायची, माहितीच्या पानावर त्यांचे आभार मानायचे. त्यांनी फाइल आणि सही दोन्ही न बदलता द्यायच्या. तिथंच बसून त्यांना तपासायला शिकवलं. हिरवं आल्यावर त्यांनी मुद्दाम एका प्रतीतलं एक अक्षर बदललं, लाल आलं, आणि खूश होऊन पुन्हा दुसरं बदलून बघितलं.

चौथ्या दिवशी नवी आवृत्ती निघाली. अकलूजहून हिरव्या चौकटीचा फोटो आला, पाठोपाठ ताईंचा फोन. "हेडसरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आमच्या बाईंनी धरलं म्हणून." आवाजात हसू मावत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "मॅडम, मला बी असली सही करता यील का?"

फोनवरच त्यांची चावी तयार केली. आता तालुक्याच्या कार्यालयात निकाल पाठवताना त्या सोबत आपली सही पाठवतात. तिथं अजून ती कुणी तपासत नाही. ताईंनी मात्र त्या कार्यालयाला आपली चाळीस अक्षरं एका कागदावर सुवाच्य लिहून दिली आहेत आणि खाली टीप टाकली आहे: शंका आल्यास फोन करावा, अकरा ते पाच.