थोरल्या दाजींचा उजेड

मला बहिणी दोन, म्हणून दाजीही दोन. थोरले दाजी फरशांच्या शोरूममध्ये विक्री बघतात, धाकट्या दाजींची लाँड्री आहे. एकाचं आयुष्य चकचकाटात गेलं, दुसऱ्याचं वाफेत. दोघांनी एकमेकांचा हेवा करावा असं काही नव्हतं आणि बरीच वर्षं कुणी केलाही नाही. कारण सगळ्या गोतावळ्यात कलावंत म्हणून एकच माणूस ओळखला जाई, तो म्हणजे थोरले दाजी.

त्यांचा छंद म्हणजे संगणकात खोल्या, खुर्च्या, जंगलं रचायची आणि त्यांच्यावर खोटा सूर्य सोडायचा. रचून झालं की ‘रेंडर’चं बटण दाबायचं. मग कुठल्या दिव्याचा उजेड कशावर पडेल, सावली कुठवर जाईल, याचा हिशेब संगणक करत बसतो आणि चित्र मंद आचेवर शिजत शिजत वर येतं. तोवर दाजी त्या खोलीत कुणाला पंखाही लावू देत नाहीत. वाऱ्याने आतला सूर्य विझेल की काय, अशी भीती! हे काम करणारं सॉफ्टवेअर सिनेमावाल्यांचं. दाजींनी ते पदरमोड करून घेतलं होतं, आणि ती पदरमोड आम्हाला एक दिवसही विसरू दिली नाही.

चित्रं कशी असायची? स्वच्छ. त्यांच्या चित्रात वाळवंटसुद्धा नुकतंच ओल्या फडक्याने पुसल्यासारखं चमकतं. उंटाचं प्रतिबिंब वाळूत दिसतं. शोरूममध्ये कोपरा अंधारा राहिला की गिऱ्हाईक हललंच म्हणून समजा. त्यामुळे दाजी आपल्या जंगलातही छताला दिवे लावतात. तरीही वाचनालयात हौशी चित्रकारांचं दरवर्षी प्रदर्शन भरतं, त्यातली दारासमोरची भिंत दाजींची ठरलेली. तिच्यावर एकच मोठं चित्र मावतं, ते परीक्षक निवडतात. आणि एवढं मोठं करूनही ठिपके-ठिपके न होणारं चित्र दुसऱ्या कुणाकडे नसायचं, कारण दुसऱ्या कुणाकडे ते सॉफ्टवेअरच नव्हतं.

मग एके दिवशी कंपनीने जाहीर केलं, की हौशी लोकांना हे सॉफ्टवेअर फुकट. त्यावर कमाई करायची नाही, एवढीच अट. बाकी जसंच्या तसं, सिनेमावाल्यांचंच.

दुसरा कुणी हौशी असता तर नाचला असता. दाजींचा चेहरा मात्र बदललेल्या फरशीची तक्रार घेऊन गिऱ्हाईक आल्यासारखा झाला. त्यांनी ही बातमी बायकोला, म्हणजे माझ्या ताईलाही सांगितली नाही. पण रविवारी धाकटे दाजी लॅपटॉप काखोटीला मारून हजर.

‘‘दादा, ते तुमचं सॉफ्टवेअर फुकट झालं म्हणे!’’

‘‘हो का?’’ दाजी म्हणाले.

‘‘मला घालून द्या ना. एकदा खेळून बघतो.’’

‘‘खेळणं नाही रे ते. अवघड असतं.’’

‘‘तुम्हाला आलं म्हणजे मलाही येईल,’’ धाकटे दाजी निरागसपणे म्हणाले. ताईने हसू दाबायला पदर तोंडाला लावला. दाजींनी ते सॉफ्टवेअर घालून दिलं, पण दाढदुखीच्या चेहऱ्याने.

दिवसभर इस्त्रीने सुरकुत्या मोडणारा हा माणूस फावल्या वेळात सुरकुत्या घडवू लागला. त्याचं पहिलंच चित्र होतं, कुणीतरी नुकतंच उठून गेलंय अशा बिछान्याचं. उशीत डोक्याचा खळगा, चादर एका बाजूला घसरलेली, शेजारी खिडकी, वर दिवा.

‘‘अगंबाई,’’ ताई म्हणाली, ‘‘मला तर उठून ही चादर झटकावीशी वाटते!’’

‘‘झटक. खालची फरशी तरी दिसेल,’’ दाजी म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना घरातल्या चादरी डोळ्यांसमोर नकोशा झाल्या. लाँड्रीतून कपडे आले की ते घडी उलगडून बघत आणि एखादी सुरकुती सापडली की म्हणत, ‘‘बघ, लक्ष कुठाय त्याचं!’’

प्रदर्शन जवळ आलं. भिंतीएवढं चित्र काढताना धाकट्या दाजींचा लॅपटॉप तापून मान टाकू लागला. हौशी मंडळींत रीत अशी, की ज्याचं मशीन तगडं त्याने दुसऱ्याचं चित्र रेंडर करून द्यायचं. तगडं मशीन एकच. चित्रं स्वीकारण्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी धाकटे दाजी पेन ड्राइव्ह ठेवून लाँड्रीत निघून गेले.

पुढचं थोरल्या दाजींनीच मला नंतर सांगितलं. त्यांनी फाइल उघडली, ती चूक काढायला. चूक सापडेना. चादरीची शिवणसुद्धा शिवल्यासारखी! तेव्हा त्यांच्या मनात आलं, की याला एक अंधारा कोपरा द्यावा, म्हणजे परीक्षक हलतील. त्यांनी छताचा दिवा बंद केला, बटण दाबलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

संध्याकाळी धाकटे दाजी आले. चित्रापुढे नुसते उभे राहिले.

‘‘दादा, हे असं कसं आलं?’’

‘‘येतं कधीकधी. रेंडर आहे.’’

‘‘तुमच्या मशीनची गोष्टच वेगळी!’’ असं म्हणून ते धावतपळत चित्र देऊन आले.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही वाचनालयात शिरलो, तर समोरच्या भिंतीवर तो बिछाना. वरचा दिवा गेल्यामुळे खिडकीतला उजेड एकटाच तिरपा चादरीवर पडला होता आणि एकेक सुरकुती टेकडीसारखी उठून आली होती. उठून गेलेलं माणूस आता परत येणार नाही, असं वाटत होतं. थोरल्या दाजींचं वाळवंट आतल्या भिंतीवर, पिण्याच्या पाण्याशेजारी लखलखत होतं.

एक परीक्षकबाई धाकट्या दाजींना म्हणाल्या, ‘‘बाकी सगळं छानच आहे. पण हा अंधार! एवढा अंधार ठेवायला धीर लागतो हो.’’

धाकटे दाजी लाजून म्हणाले, ‘‘जमलं खरं.’’

थोरल्या दाजींनी भिंत गेल्याचं सोसलं असतं. पण आपण केलेल्या अंधारावर दुसरा माणूस लाजतो, हे त्यांना सोसवलं नाही.

‘‘तो दिवा मी विझवला!’’ ते ओरडले.

सगळं वाचनालय वळलं.

‘‘तुम्ही?’’ ताई म्हणाली. ‘‘का?’’

सगळ्यांत सोपा प्रश्न, आणि त्याचं एकच उत्तर होतं. दाजींनी फरशीकडे बघितलं, सवयीने तिचा दर्जाही बघितला असेल, आणि म्हणाले, ‘‘वाईट दिसावं म्हणून.’’

मला वाटलं, आता दोन घरांचं बोलणं बंद. माझी धाकटी बहीण तर पर्स खांद्याला लावून निघालीच होती. पण धाकट्या दाजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे आमच्या चांगल्या ओळखीची झालेली ती दाढदुखी उमटली होती.

‘‘म्हणजे चित्रातलं खरं ते तुमचं?’’

‘‘हो.’’

‘‘छे! बिछाना माझा, खिडकी माझी, दिवासुद्धा माझा. विझवणं तेवढं तुमचं.’’

‘‘मग तेवढं लिही!’’

परीक्षकबाई मध्ये पडतील असं वाटलं, पण त्यांनी पर्समधून पेन काढून दिलं. चित्राखालच्या छापील नावाच्या खाली धाकट्या दाजींनी दात-ओठ खात लिहिलं, ‘दिवा विझवणारे : थोरले साडू.’

उरलेला वेळ थोरले दाजी त्या चित्राशेजारून हलले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला ‘‘खालचंही वाचा’’ म्हणत होते. पलीकडच्या बाजूला धाकटे दाजी उभे राहून ‘‘वरचं आधी वाचा’’ म्हणत होते. गर्दी जरा ओसरल्यावर थोरल्या दाजींनी मला बाजूला ओढलं आणि कानाशी लागून म्हणाले, ‘‘अक्षर मुद्दाम बारीक काढलंय बघ त्याने. जळतो माझ्यावर.’’