होल्डरचा बारीक स्क्रू

माझे वडील, अप्पा, निपाणीत दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कातायचा लेथ चालवायचे. त्या लेथच्या कमाईवरच माझं शिक्षण झालं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तो त्यांच्या काळ्या पडलेल्या हातांमुळे.

आई गेल्यावर मी त्यांना बेंगळुरूला आणलं. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे आमचं भाड्याचं घर आहे, मागे पत्र्याची खोली. तिथे त्यांच्यासाठी एक जुना, छोटा लेथ घेतला. गल्लीतल्या गेटच्या चाकांत बसणाऱ्या कड्या, म्हणजे बुश, कुणाची पिन, असं काहीबाही करण्यात त्यांचा दिवस जायचा.

पण हात थरथरायला लागले होते. लेथवर ते चालून जायचं, कारण तिथे हाताला धरायला मशीनची चाकं असतात. लोखंड कापणाऱ्या टूलला धार लावणं मात्र जमेना. ग्राइंडरच्या दगडावर टूल नाचायचं. एकदा बोट सोलून निघालं. मी पट्टी बांधत असताना ते म्हणाले, "धार लावता येत न्हाई, तो कसला टर्नर?"

म्हणून मी कार्बाइडच्या टिपा सुचवल्या. होल्डर नावाच्या दांडीच्या टोकाला तयार टिप बसवायची, झिजली की फिरवून तिचा दुसरा कोपरा पुढे आणायचा. दगडाशी संबंधच नाही.

"म्हणजे विकतची भाकरी," अप्पा म्हणाले. पण शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याआधी तेच दारात उभे होते.

बेंगळुरूतल्याच शिवाजीनगरचा दुकानदार पिढ्यानपिढ्या इथलाच, घरी मराठी बोलणारा. त्याने जाडजूड होल्डर काढला. "हा घ्या अण्णा. अजिबात हलत नाही."

"आमचं मशीन केवढं, ह्याची दांडी केवढी. हे बसवलं तर टोक फिरत्या लोखंडाच्या मध्याच्या वर जाणार. मग कापणार न्हाई, नुसतं घासणार."

"सरी, सरी, ठीक आहे. मग बारीक दांडीचा. वरून पट्टीने टिप दाबणारा देऊ?"

"त्याच्या टिपा बोथट. मोटरला दम लागतो. खालून तिरकी, धारदार टिप बसते तो दे. स्क्रूवाला."

दुकानदार माझ्याकडे वळला. "सार, तुम्ही इंजिनियर ना? काहीच बोलत नाही."

"तो कॉम्प्युटरचा," अप्पा म्हणाले. "लोखंड त्याला चावतं."

कितीतरी महिन्यांनी ते हसत होते. परतताना बसमध्ये होल्डर त्यांनी पिशवीत ठेवला नाही, मांडीवर धरून बसले.

दांडी, उंची, टिपेचा कोन, आम्ही सगळं पाहिलं होतं. टिप धरून ठेवणारा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. पहिली टिप मीच बसवून दिली. बुश आरशासारखा निघाला. अप्पांनी तो गालाला लावून बघितला.

काही आठवड्यांनी बुश खरखरीत दिसू लागले. टिप झिजली होती. केर काढताना लोखंडाच्या भुश्यात मला दोन-तीन बारीक स्क्रू सापडले, तेव्हा कळलं. टिप फिरवायचा त्यांनी स्वतः प्रयत्न केला होता. जमला नव्हता, आणि मला हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्यापूर्वी मी गुपचूप टिपेचा कोपरा बदलला. संध्याकाळी अप्पा म्हणाले, "आज टूल बरं चाललं."

"हो का?" मी म्हणालो.

मग तीच रीत पडली. सकाळी मी भुसा हातात घेऊन टिप किती झिजली ते बघायचो, टिप फिरवायचो किंवा नवी लावायचो. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. फक्त स्क्रूची छोटी चावी, जी आधी डब्यात असायची, ती होल्डरच्या शेजारी पुसून ठेवलेली दिसायला लागली.

पुढे मशीनची चाकं धरूनही हाताची थरथर थांबेना. शेजारच्यांच्या गेटचा बुश सैल झाला, ते संकोचाने परत घेऊन आले. अप्पांनी तो घेतला, उलटसुलट केला आणि खिशात टाकला. त्यानंतर लेथ सुरू झाल्याचा आवाज आला नाही.

तरी रविवारी मी सवयीने खोलीत गेलो आणि चावी उचलली. अप्पा मागे स्टुलावर बसले होते, मला दिसलेच नव्हते.

"ऱ्हाऊ दे लेका," ते म्हणाले. "आता बदलू नको. आहे ती धार पुरंल."

मी चावी होती तिथेच ठेवली आणि त्यांच्यासाठी चहा करायला आत गेलो.